चेंदणीला ठेवलेलं प्रस्थान

१

मोरेश्वर कर्णिकला पावसाळा आवडत असे. रस्त्यांच्या खात्यात नोकरी करून पावसाळा आवडणारा माणूस विरळाच. आषाढ लागला की मोऱ्या तुंबतात, भराव खचतात, आणि बाकीचे ओव्हरशियर कचेरीत बसून नशिबाला बोल लावतात. हा मात्र धोतराचा काचा मारून, डोक्यावर मेणकापडाची टोपी चढवून आपल्या पायगाडीवर बसे आणि खुशाल भिजायला निघे.

ही पायगाडी त्याने विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाच्या लिलावात घेतली होती. अठराशे चौऱ्याण्णव साली सगळ्या ठाणे तालुक्यात तिच्या जोडीची दुसरी नव्हती. टेंभी नाक्यावरून ती गेली की दुकानदार हातातलं माप तसंच धरून बघत राहत. आता तिचं वय झालं होतं. मागच्या चाकाच्या रबरी धावेचा एक लचका निघाला होता, त्यामुळे चिखलातून जाताना दर फेरीला बोराएवढा एक उंचवटा उठत असे. मोरेश्वरला त्याचं काही नव्हतं. तो तिच्यावरून मुरबाडपर्यंत जाऊन आला होता, शहापूरपर्यंत जाऊन आला होता. आडवाटेला पावसात एकट्याने पायगाडी हाकण्यात जे सुख आहे ते घरात चुलीपाशी बसणाऱ्याला कळायचं नाही, असं तो आईला सांगे. आई म्हणे, "नाहीच कळत बाबा मला. घोडा नाही, बैल नाही, दोन चाकांवर बसून माणूस न्युमोनिया आणायला जातो."

त्या वर्षी आषाढात त्याला मुलगा झाला. बायको सुमती बाळंतपणाला माहेरी होती, मलंगगडाच्या पायथ्याला साखरोली गावात. आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती, त्यामुळे या खेपेला सगळ्यांच्याच जिवाला घोर होता. त्यातून मूल मूळ नक्षत्रावर झालं. मुळावरच्या मुलाचं तोंड बापाने नक्षत्राची शांत, म्हणजे शांतीचा होम, होईपर्यंत बघायचं नाही. बघितलं तर मुलाला बाधतं, नाहीतर बापाला. नक्षत्र फिरून आलं की शांत करायची, आणि मग बापाने मुलाचं तोंड आधी काशाच्या वाटीतल्या तेलात बघायचं, मागाहून सरळ. मोरेश्वर इंग्रजी शिकलेला होता, मित्रांत या गोष्टींची टर उडवायचा. पण दोन मुलं पोचवलेल्या माणसाची टर कुठवर टिकणार? पोर सारखं किरकिरतं, दूध ठरत नाही, असा निरोप आला होता. शांत व्हायच्या दिवशी काही झालं तरी आपण तिथे असणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

निघायला मुहूर्त होता गुरुवारचा. पुढचे सगळे दिवस प्रवासाला वाईट. आणि नेमकी बुधवारी माजिवड्याकडची मोरी बसली. साहेब म्हणाला, मोरी होईपर्यंत हलायचं नाही. मग आईने जुना तोडगा काढला. तिने प्रस्थान ठेवायला लावलं. म्हणजे गुरुवारी मुहूर्तावर मोरेश्वरने आपलं रोजच्या वापरातलं धोतर, अंगरखा, उपरणं आणि एक नारळ असं गाठोडं बांधलं आणि साखरोलीच्या वाटेवर, चेंदणी बंदराजवळ गंगूमावशीच्या घरी नेऊन ठेवलं. गाठोडं गेलं म्हणजे माणूस मुहूर्तावर निघाला. नंतर सवडीने यायचं, गाठोडं उचलायचं आणि पुढे चालू लागायचं.

"तीन रात्रींच्या आत उचल रे," आई म्हणाली. "प्रस्थान फार दिवस ताटकळत ठेवू नये."

"धोतर-उपरण्याला कसली आलीय घाई?" मोरेश्वर हसून म्हणाला. मोरीचं काम संपायला मंगळवार उजाडला. शांत मंगळवारचीच होती.

२

पावसाची झड लागलेली होती. मुंब्र्याजवळ रुळांवर दरड आल्याने आगगाडी बंद होती, पण ती चालू असती तरी मोरेश्वर पायगाडीवरूनच गेला असता. नक्षत्र तिसऱ्या प्रहरापर्यंत होतं. उजाडताच निघालं तर वेळेत पोचता येत होतं.

गंगूमावशी पडवीत बसून वाती वळत होती. ही त्याच्या आईची मावसबहीण, विधवा, डोळ्यांनी धड आणि डोक्यानेही.

"गाठोडं दे, मावशी," तो पायगाडीवरून न उतरताच म्हणाला.

"कसलं गाठोडं? नेलंस की मघाशी."

"मी?"

"तूच. मी पहाटे दार उघडलं तर तू दारात उभा. गाठोडं हातात दिलं, घेऊन गेलास. बस म्हटलं तर बसला नाहीस, बोलला नाहीस. मला वाटलं, लेकाच्या ओढीने निघालाय, जाऊ दे."

"मावशी, मी आत्ता येतोय घरातून."

मावशीने वात खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "मग त्याला कोण म्हणायचं?" ती म्हणाली. "तुझं तोंड मी ओळखत नाही होय रे?"

मोरेश्वरने मनात हिशेब मांडला. आईने शेजारच्या कुणाला तरी आधी पाठवलं असणार. पहाटेचा अंधार, पाऊस, मावशी झोपेतून उठलेली. असं घडतं. खाली बंदरात तरवाला, खाडीपलीकडे होडी नेणारा, हाका मारत होता, ही खेप चुकली असती तर पुढची भरती ओसरेपर्यंत थांबावं लागलं असतं. तो गाठोड्याशिवायच निघाला. पायगाडी होडीत आडवी घालताना त्याला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण ते त्याने पावसावर ढकललं.

३

कळव्याला उतरून तो मुंब्र्याच्या वाटेला लागला. उजव्या हाताला खाडी, डाव्या हाताला डोंगर, मध्ये चिखलाची वाट. बैलगाड्या बंद होत्या. माणूस नव्हतं. सगळ्या डोंगरावरून पाणी उतरण्याचा एकसारखा आवाज येत होता आणि त्यात साखळीची कुरकुर. असा प्रवास म्हणजे एरवी त्याची चैन.

वाटेवर पुढे एक चाकोरी दिसत होती.

बराच वेळ त्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही, कारण पायगाडीवर बसून चाकोरी बघायची त्याला सवय होती. परतीच्या वाटेवर आपलीच जातानाची चाकोरी भेटते. आज तो परत येत नव्हता, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा अवकाश गेला. तो उतरला. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या असतात. ही एकच होती, बारीक, मध्येच पुढच्या-मागच्या चाकांची एकमेकींत गुंतलेली. म्हणजे पायगाडीच. मुंबईचा कुणी हौशी साहेब फिरायला आला असेल, असं म्हणून तो पुन्हा बसणार, तेवढ्यात त्याला चिखलातला उंचवटा दिसला. बोराएवढा. थोड्या अंतरावर दुसरा. पुढे तिसरा.

त्याने आपली गाडी चार हात चालवून बघितली आणि दोन्ही खुणा शेजारी ठेवून तपासल्या, मोरीचं काम तपासावं तशा. फरक नव्हता.

रबर झिजलं की सगळ्याच धावांचे लचके निघत असतील. हे त्याला पटलं नाही, पण पुरलं. एक गोष्ट मात्र त्याला काही केल्या कशात बसवता येईना. एवढा पाऊस कोसळत होता की त्याच्या स्वतःच्या चाकोरीत मागे वळून बघेपर्यंत पाणी भरत होतं. पुढची चाकोरी कोरडी होती, कडा न ढासळलेल्या, जणू आत्ताच कुणीतरी नजरेच्या टप्प्याबाहेर गेलं होतं. तो जोर लावून हाकू लागला. वळण आलं की पुढे कोणी दिसत नसे, चाकोरी मात्र तितकीच ताजी असे.

४

शिळेच्या अलीकडे आगरी वस्ती होती. पहिल्याच घरातली ठमाबाई त्याच्या ओळखीची होती. मोरी तपासायला आला की तो तिच्या ओट्यावर टेकायचा, आणि ती त्याला पेज द्यायची. आज तिने त्याला बघितलं आणि हातातलं सूप छातीशी धरलं.

"परत कं आलास रं साहेबा? आथाच त जेलास ना!"

"मी आलोच नव्हतो, ठमाबाई."

"नाय कसा? हितंच बसला व्हतास. पानी मांगलास, मी तांब्या दिला. पिलास नाय. निस्ता हातान धरून पान्यात बगत बसलास." तिने त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. टोपीतून पाणी निथळत होतं, धोतर मांड्यांना चिकटलेलं होतं. "मघा त तुजी कपडं कोरडी व्हती. एवरा पाऊस परतंय न आंगाव ठिपूस नाय. मी बोल्ले सुनंला, बग साहेबाचा उपरना कसा कोरडा ठक्क हाय."

मोरेश्वरने विचारलं, "काय बोलला तो?"

"तो कोन? तूच. साखरोलीची वाट इचारलास. मी हासले. बोल्ले, सासऱ्याची वाट इसरलास काय रं? त तू बी हासलास." तिने सूप खाली ठेवलं. मग जरा हळू म्हणाली, "मी हासले तवा हासलास. माज्यासारखाच."

ती पेज आणायला आत वळली. मोरेश्वर थांबला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता, कारण आपण भितो आहोत हे त्याला स्वतःलाच पटत नव्हतं. कुणीतरी थट्टा करत असेल तर त्याचं पारिपत्य करता येईल. पण त्यासाठी आधी पोचायला हवं होतं. पोर तिकडे होतं.

५

काटईच्या फाट्यावर साखळी उतरली. अशी ऐनवेळी दगा देण्याची तिला खोडच होती. फाट्यावर दगडू लोहाराचं छप्पर होतं. दगडू भात्यापाशी विडी ओढत बसला होता. मोरेश्वरला बघून तो उठला, पक्कड घेतली आणि काही न विचारता साखळीला हात घातला.

"पुन्हा उतरली का साहेब?"

"मी आज पहिल्यांदाच येतोय," मोरेश्वर म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर राहिला नव्हता.

दगडूला ते ऐकू गेलं नसावं, किंवा साहेब लोकांच्या बोलण्याला फार अर्थ नसतो असं त्याचं मत असावं. "मघाशी तुमी इचारलंत ना, त्याचं मला लई हसू आलं," तो म्हणाला. "बायकोला बी सांगितलं."

"काय विचारलं मी?"

"विसरलात? तुमी इचारलंत, बाप प्वार कसं धरतो? मी म्हटलं, अवो साहेब, धरायचं काय त्यात? मानेखाली एक हात, बुडाखाली एक हात. मंग तुमी आमच्या तान्हीला मागितलंत, धरून बघतो म्हणालात." त्याने साखळी बसवली आणि पायटा फिरवून बघितला. "दिली. आमची तान्ही कुनाकडं जात न्हाय, बोंबलते. तुमच्याकडं गेली आन् गप. आजून झोपलीय बघा. उठवली तरी उठंना, एवढी गाढ."

आतून दगडूच्या बायकोची हाक ऐकू आली, लेकीला नावाने उठवणारी. मग पुन्हा हाक. दगडू हसत आत डोकावला. मोरेश्वर पायगाडीवर बसला आणि त्याने मागे न बघता गाडी दामटली. आपण तिथे थांबायला हवं होतं असं त्याला पुढे पुष्कळदा वाटलं. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात एकच होतं, की साखरोली अजून दोन ओढ्यांपलीकडे आहे आणि चाकोरी ताजी आहे.

६

साखरोलीत तो पोचला तेव्हा दुपार कलली होती आणि पाऊस जरा हटला होता. सासऱ्यांच्या अंगणात चाकोरी वळली होती, तुळशीला वळसा घालून घराच्या पायरीपर्यंत गेली होती. बाहेर येणारी चाकोरी नव्हती. पायगाडीही नव्हती. घरातून होमाच्या तुपाचा वास येत होता, आणि कुणीतरी भांडी घासत होतं. सगळं इतकं रोजचं होतं की मोरेश्वरला रडू आल्यासारखं झालं.

सासरे, आप्पा, ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांना मोतीबिंदू झालेला होता, माणूस दिसे पण चेहरा दिसत नसे.

"कोण, जावईबापू का? पुन्हा भिजायला कशाला गेलात?"

"आप्पा, मी आत्ता येतोय. शांत..."

"झाली की यथासांग! तुम्ही वेळेवर आलात, भटजी खूश. असे कोरडेठाक आलात, म्हणाले, जावई आहे की कोण आहे!" आप्पा समाधानाने हसले. "आणि खरं सांगू? पोराचं जन्मापासूनचं रडं आज थांबलं. तेलात तुमचं तोंड दिसलं, तुम्ही हातात घेतलंत, की गप्प. ही म्हणते, शेवटी रक्त ओळखतंच."

मोरेश्वर तसाच चिखलाच्या पायांनी माजघरात शिरला. रांगोळी विस्कटलेली, होमकुंडातून धूर निघतोय, पाटाजवळ काशाची वाटी. पाळणा लोंबकळत होता, हलत नव्हता. त्यात नुसतं दुपटं.

सासूबाई लगबगीने पुढे आल्या. सुमती खोलीच्या दारात उभी होती, कपाळापर्यंत पदर, नजर जमिनीवर. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हे तिने लग्नापासून कधी मोडलं नव्हतं. त्याचे पाय तेवढे तिला दिसत असणार. चिखलाने माखलेले ते पाय बघून ती चपापली.

"बाळ कुठाय?" मोरेश्वर म्हणाला.

सुमती आईकडे वळली. "आई, यांना म्हणावं, मघाशी तुम्हीच तर घेतलंत. पाऊस उघडलाय, त्याला बाहेर दाखवून आणतो म्हणालात."

"मी तर बाई म्हटलं, पोराला वारं बाधेल," सासूबाई म्हणाल्या. "पण बापाला कोण अडवणार? मागच्या पडवीत असाल असं वाटलं. कुणाकडे दिलंत त्याला?"

७

मागचं दार उघडं होतं. पडवीपासून चाकोरी निघाली होती आणि भातखाचरांच्या बांधावरून सरळ डोंगराकडे गेली होती.

खाचरांच्या पार टोकाला एक माणूस पायगाडीवरून चालला होता. त्या बांधावरून एरवी माणूसही तोल सांभाळत चालतो, पण हा संथपणे चालला होता, रस्त्यावरून चालावा तसा. एक हात हँडलवर होता. दुसरा हात वाकवून छातीशी धरलेला. पाऊस पुन्हा सुरू झाला होता आणि त्याचं उपरणं वाऱ्यावर हलकं उडत होतं. भिजलेलं कापड तसं उडत नाही.

"अरे ए!" मोरेश्वर ओरडला. "थांब! थांब म्हणतो ना!"

त्या माणसाने मान वळवली. लांबून काय दिसणार? पण जेवढं दिसलं तेवढं पुरे होतं. दाढी करताना आरशात दिसतो तो चेहरा. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, चेष्टा नव्हती. आडवाटेला भेटलेल्या अनोळखी वाटसरूला आपण करतो तशी त्याने मान किंचित लववली, आणि पुढे बघून तो हाकत राहिला. मूल रडत नव्हतं.

मोरेश्वर धावला. बांधावर पाय घसरून खाचरात पडला, उठला, पुन्हा पडला. पावसाचा पडदा इतका दाट झाला की डोंगर दिसेना. चाकोरी मात्र पायाखाली स्वच्छ दिसत होती, बोराएवढे उंचवटे एकामागून एक. ती बांध संपेपर्यंत गेली. पुढे ओढा होता, दोन्ही काठ भरून तांबडं पाणी वाहत होतं. चाकोरी पाण्याच्या कडेला गेली आणि पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर गवत होतं, आणि ते कुठेही मोडलेलं नव्हतं.

तो कमरेइतक्या पाण्यात शिरला. हातांनी चाचपत राहिला. काय चाचपतो आहोत हेही त्याला सांगता आलं नसतं, कारण त्याने आपल्या मुलाला अजून एकदाही बघितलं नव्हतं. बोलवायला नावही नव्हतं, बारसं शांत झाल्यावर करायचं ठरलं होतं.

मग तो परत फिरला. दुसरं काय करणार? बांधावर आता एकही चाकोरी उरली नव्हती. पावसाने सगळं सपाट केलं होतं. त्याच्या स्वतःच्या पावलांच्या खुणा तेवढ्या होत्या, घरापासून ओढ्यापर्यंत गेलेल्या, आणि तो त्यांच्यावरूनच चालत होता.

मागच्या पडवीत सगळं घर गोळा झालं होतं. आप्पा खांबाला धरून उभे होते, सासूबाई तोंडावर हात ठेवून. पाण्याचं भांडं घेऊन आलेले भटजीही तिथेच थबकले होते. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. मोरेश्वर पडवीच्या खाली चिखलात उभा राहिला. पायरी चढायचं त्याला धाडस होईना.

सुमती आईचा हात सोडवून पुढे आली. डोक्यावरचा पदर खाली पडला, तो तिने सावरला नाही. आई-बापांदेखत, परक्या माणसांदेखत तिने मान वर केली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "बाळ कुठे ठेवलंत?"